पाणी तपासले, आता पोतेही तपासा

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

उजनीच्या फुगवट्यापासून फार दूर नसलेल्या, इंदापूर तालुक्यातील एका गावात माझी दोन शेततळी आहेत. एकात पंगस असतो आणि दुसऱ्यात रोहू-कटला. तळ्यातील मासा मरू लागला की आपल्याकडे सगळे पाण्याकडे धावतात आणि गोदामातल्या खाद्याच्या थप्पीकडे कोणी वळत नाही, एवढ्याच गोष्टीबद्दल मला लिहायचे आहे. हे पत्र उघड लिहिण्याचे कारण असे की, हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. भिगवणच्या लिलावात पाट्या उतरवताना शेजारी उभ्या असलेल्या कोणत्याही मत्स्यशेतकऱ्याला विचारले, तर थोड्याफार फरकाने हीच कहाणी ऐकायला मिळते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या पंगसच्या तळ्यात रोज सहा-सात मासे वर येऊ लागले. एका रात्रीत हजार मासे मेले असते तर मीही पाण्यालाच दोष दिला असता, कारण ढगाळ हवेत पहाटे पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो आणि तळे एका फटक्यात साफ होते, हे कोणाही मत्स्यशेतकऱ्याला ठाऊक असते. येथे तसे नव्हते. मर थोडी होती, पण ती थांबत नव्हती. मासे खाद्यावर पूर्वीसारखे तुटून पडत नव्हते, आणि पंधरवड्याच्या नमुना-वजनात वाढ जवळजवळ दिसत नव्हती. खाद्य मात्र हिशोबाप्रमाणे खर्च होत होते. या धंद्यात निम्म्याहून अधिक पैसा खाद्यात जातो, त्यामुळे खाद्य जाते आणि वजन येत नाही याचा अर्थ काय होतो, हे आपल्या विभागाला वेगळे सांगायला नको.

खाद्य पुरवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. (कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या हाती पुरावा नाही, तो का नाही, ते पुढे सांगतो.) त्याने पेटी उघडली, सामू (पीएच) पाहिला, अमोनिया पाहिला, विरघळलेला प्राणवायू मोजला आणि प्राणवायू कमी असल्याचे सांगून पाण्यात हवा मिसळणारे दोन एरेटर वाढवायला सांगितले. सल्ला चुकीचा नव्हता. पण पंगस हा पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकणारा मासा आहे, आणि जे पाणी कटल्याला मारील त्यात तो तग धरतो. शेजारच्या तळ्यातले कटले धडधाकट फिरत होते. दोन्ही तळ्यांचे पाणी एकाच विहिरीचे होते. फरक एवढाच होता की, कटल्याच्या तळ्यात मी पेंड-कोंडा टाकत होतो आणि पंगसच्या तळ्यात पोत्यातल्या तरंगत्या गोळ्या.

त्या संध्याकाळी मी ताजे मेलेले चार मासे काठावरच फाडले. निरोगी पंगसचे यकृत तांबूस तपकिरी आणि घट्ट असते. या चारही माशांचे यकृत फिकट पिवळसर झाले होते आणि बोटाने दाबताच भिजलेल्या खव्यासारखे विरघळत होते. पित्ताची पिशवी फुगलेली होती. कल्ले लालबुंद असण्याऐवजी फिक्कट गुलाबी पडलेले होते. मग मी गोदामात गेलो. थप्पीच्या सर्वात खालचे, भिंतीला टेकलेले पोते ओढून काढले, तर शिवणीजवळच्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते, त्यांच्यावर राखाडी-हिरवट लव होती आणि पोते उघडताच बंद खोलीतल्या जुन्या गोधडीसारखा कुबट वास आला. उत्पादनाची तारीख रबरी शिक्क्याने मारलेली होती आणि ती नेमकी पुसट झालेली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला कळवले. माणूस सज्जन आहे. त्याने वाद न घालता टेम्पो पाठवला, उरलेली सगळी पोती परत नेली आणि तेवढीच नवी उतरवली. मी त्याचे आभार मानले. आठ दिवसांनी, नव्या खाद्यावर मर थांबल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की, त्या टेम्पोबरोबर माझा सगळा पुरावाही निघून गेला होता. माझ्याकडे उरली एक बरणी, ज्यात मी मूठभर गोळ्या भरून ठेवल्या होत्या. एका खासगी प्रयोगशाळेत ती घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी रास्त प्रश्न विचारले: हा नमुना कोणी काढला, कोणासमोर काढला, किती पोत्यांतून काढला, आणि बरणीत गेल्यावर बुरशी आणखी वाढली नाही कशावरून? माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

आता मूळ मुद्दा. माशांच्या खाद्यात मका, भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, सोयाबीन आणि मासळीची भुकटी असते. यांतल्या बहुतेक मालावर, विशेषतः शेंगदाणा, सरकी आणि मका यांच्यावर, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी सहज धरते. मालातील ओल १२-१३ टक्क्यांच्या वर गेली आणि हवा आपल्या पावसाळ्यासारखी उबदार-दमट असली की ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, आणि त्यातले बी१ हे सर्वात विषारी. खरिपाचा मका ओला निघतो, डांबरी रस्त्यावर अर्धामुर्धा वाळतो आणि तसाच गोदामात जातो, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. गोळ्या तयार करताना त्या वाफेवर शिजतात, म्हणून विष नष्ट होत असेल असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि कारखानदारही तो दूर करत नाहीत. बुरशी त्या उष्णतेने मरते. अफ्लाटॉक्सिन मात्र २६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाईपर्यंत पुरते मोडत नाही आणि खाद्याचे यंत्र त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यामुळे बुरशी डोळ्यांना न दिसणारी, स्वच्छ, खमंग गोळीही विषारी असू शकते. उलट माझ्या पोत्यावर दिसली तशी लव असूनही त्यात विष असेलच, असेही नाही. डोळा आणि नाक येथे अपुरे पडतात, म्हणून तर तपासणी हवी.

हे विष माशाचे काय करते, हे जगाला कळले ते योगायोगाने. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या अज्ञात रोगाने मेल्या आणि शोध घेता घेता संशय ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर गेला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांमध्ये इंद्रधनुषी ट्राउट माशांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी मोठ्या प्रमाणावर आढळू लागल्या होत्या. केंद्रांनी ताज्या मांसाऐवजी कोरडे, गोळीबंद खाद्य वापरायला सुरुवात केली होती आणि त्यातल्या सरकी पेंडीत अफ्लाटॉक्सिन होते. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की, खाद्याच्या एक अब्ज भागांत एका भागाहूनही कमी विष दीर्घकाळ पोटात गेले तरी ट्राउटच्या यकृतात गाठी येऊ शकतात. यकृतातले एक विकर (एन्झाइम) या विषाचे रूपांतर अशा पदार्थात करते जो थेट पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो, आणि ट्राउटच्या यकृतात हे काम फारच तत्परतेने होते. जे इंद्रिय विष निपटायला आहे त्याच्याच हातून ते धारदार होते.

आपले मासे ट्राउटइतके नाजूक नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवे. पंगसच्या जातकुळीतल्या अमेरिकी कॅटफिशवरच्या प्रयोगांत वाढ खुंटण्यासाठी आणि रक्तक्षय दिसण्यासाठी किलोमागे १० मिलिग्रॅम एवढी मात्रा दहा आठवडे द्यावी लागली, आणि चिलापीत २.५ मिलिग्रॅमपासून परिणाम दिसू लागले. या मात्रा मोठ्या आहेत. एवढे विष बाजारातल्या सर्वसाधारण पोत्यात असेल असे मी म्हणत नाही. पण प्रयोगशाळेच्या टाकीत मासा दहा आठवडे असतो, आमच्या तळ्यात आठ-दहा महिने. टाकीतले पाणी स्वच्छ असते, आमच्याकडे एप्रिलचे ऊन आणि श्रावणाची ढगाळ पहाट असते. शिवाय मासा मरण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट बिघडते, आणि ती वजनकाट्यावर दिसत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात रोहूला अफ्लाटॉक्सिन बी१ टोचल्यावर त्याची रोगप्रतिकारशक्ती खालावल्याचे आढळले.

आयुक्त महोदय, हे एक वाक्य आमच्या धंद्यातल्या अर्ध्या गोंधळाचा उलगडा करते. प्रतिकारशक्ती गेलेल्या माशाला एरोमोनास किंवा एडवर्डसिएला यांसारखे, एरवी पाण्यात असतातच असे जिवाणू धरतात. अंगावर लाल चट्टे येतात, पोट फुगते. शेतकरी दुकानात जातो आणि दुकानदार जिवाणूंवरचे औषध देतो, कारण दिसतो तो रोग जिवाणूचाच. आठवडाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच. आता माशात प्रतिजैविकाचा अंश शिल्लक राहतो आणि उद्या कोणी बाजारातला नमुना तपासला तर गुन्हेगार ठरतो तो शेतकरी. ज्या पोत्यातून हे सगळे सुरू झाले असण्याची शक्यता आहे, ते पोते या साखळीत कुठेच दिसत नाही.

अफ्लाटॉक्सिनवर मी अधिक लिहिले, कारण आपल्या हवामानात तोच मोठा धोका आहे. पण खाद्यातून येणारे ते एकमेव विष नव्हे. कोंडा गिरणीतून निघाल्यापासून त्यातले तेल खवट होऊ लागते, आणि खवट तेल माशाच्या शरीरातले ई जीवनसत्त्व खाऊन टाकते; जपानमध्ये रेशीमकिड्यांचे खवट झालेले प्यूपे (कोषातले किडे) खाऊन कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांच्या पाठीचे स्नायू झिजल्याचा रोग ‘सेकोके’ या नावाने ओळखला गेला. हलक्या दर्जाच्या खनिज मिश्रणातून कॅडमियम येते आणि ते मूत्रपिंडात साठते. १९९७ साली अमेरिकेत सोयाबीन पेंडीचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून मिसळलेल्या एका प्रकारच्या मातीतून डायॉक्सिन हे विषारी रसायन थेट कॅटफिश आणि कोंबड्यांत पोहोचले. आज आमचे दुकानदार ‘टॉक्सिन बाइंडर’, म्हणजे खाद्यातले विष बांधून ठेवणारी, म्हणून जी चूर्णे विकतात त्यांतली बरीचशी मातीच असते, तेव्हा ती माती कुठली, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

प्रथिनांच्या आकड्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. आम्ही पोते विकत घेतो ते त्यावरचा ‘२८ टक्के प्रथिने’ हा आकडा वाचून. हा आकडा काढताना प्रथिने कोणी मोजत नाही. खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. म्हणजे नायट्रोजन कुठूनही आला तरी कागदावर तो प्रथिनेच होतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, मेलामाइनमध्ये ६६ टक्के. २००७ साली चीनमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या तथाकथित ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडले. त्यात आधी कुत्री-मांजरी मेली, आणि नंतर कळले की, तोच माल कॅनडात बनलेल्या माशांच्या खाद्यातही गेला होता. मेलामाइन आणि त्याच्याबरोबर येणारे सायान्युरिक आम्ल एकत्र आले की माशाच्या मूत्रपिंडात खडे धरतात. असला माल नेहमीच्या प्रथिन तपासणीत उत्तम गुणांनी पास होतो. म्हणून केवळ प्रथिने आणि ओल मोजून ‘खाद्य योग्य आहे’ असा दाखला देणारी तपासणी आम्हाला नको आहे.

सगळा दोष कारखान्यांचा आहे असेही माझे म्हणणे नाही. माझ्याच गोदामात पोती फरशीवर, भिंतीला टेकून रचलेली होती. खाली लाकडी फळ्या टाकल्या असत्या आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडले असते तर कदाचित ते खालचे पोते वाचले असते. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे ढिवर बांधव जिथे कार्पला खाद्य देतात, तिथे ते बहुधा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मे निम्मे मिसळलेलेच असते. ती पेंड कोणत्या घाण्यावरून आली, तिला किती महिने झाले, हे कोणी विचारत नाही, आणि जनावराने तोंड न लावलेली पेंड तळ्यात टाकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ‘माशाला काय कळतंय’ हे मीही म्हटले आहे.

येथे मला बातमीदारांनाही एक विनंती करायची आहे. हे पत्र वाचून उद्या ‘तळ्यातला मासा विषारी’ असा मथळा देऊ नका. अफ्लाटॉक्सिन माशाच्या यकृतात जाते, मांसात त्याचा अंश फार थोडा उतरतो, आणि पंगस किंवा रोहूचे यकृत आपल्याकडे ताटात येत नाही. पारा आणि डायॉक्सिन यांची गोष्ट निराळी आहे, ती मांसात आणि चरबीत साठतात. पण गोड्या पाण्यातल्या, मुख्यतः पेंड-कोंड्यावर वाढलेल्या कार्पमध्ये त्यांचा मार्गही अरुंद असतो. माझी तक्रार माशाच्या तब्येतीबद्दल आणि शेतकऱ्याच्या बुडालेल्या पैशाबद्दल आहे. अफवेने बाजार पडला तर ज्याच्यासाठी मी लिहितो आहे तोच आधी मरेल.

नियमांकडे पाहिले की एक विसंगती डोळ्यांत भरते. २०१२ च्या सुमारास जपानने भारतीय कोळंबीत एथॉक्सिक्विन या, खाद्य खवट होऊ नये म्हणून मिसळल्या जाणाऱ्या रसायनाचा अंश पकडला आणि दहा लाखांत ०.०१ भाग ही मर्यादा लावली, तेव्हा कोळंबीच्या खाद्यात काय काय मिसळतात याकडे देशातल्या सर्व यंत्रणांचे लक्ष गेले. किनारी मत्स्यशेतीसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आणि प्राधिकरण आहे. दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ (दूषित पशुखाद्यातून दुधात उतरणारे त्याचे रूप) किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असा देशात नियम आहे, आणि त्या धाकाने दूधसंघ पशुखाद्याची काळजी घेतात. युरोपीय संघात माशाच्या तयार खाद्याला अफ्लाटॉक्सिन बी१ ची किलोमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. गोड्या पाण्यातला मासा मात्र जपानलाही जात नाही आणि डेअरीतही जात नाही. तो भिगवण, नागपूर, हावडा अशा बाजारांत जातो आणि म्हणून त्याच्या पोत्याचा वाली कोणी नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०१४ साली कार्प आणि कॅटफिशच्या खाद्यासाठी आयएस १६१५० हे मानक काढले खरे, पण त्याची खूण असलेले पोते आजवर माझ्या गोदामात आलेले नाही.

२०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला आणि आम्ही फटाके वाजवले. तो दर्जा वीजदर आणि कर्जापुरता थांबू नये, एवढेच माझे मागणे आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन सीलबंद भाग करतो: एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, आणि एक पुढे वाद उद्भवला तर कामी यावा म्हणून राखून ठेवलेला. खतालाही गुणनियंत्रण निरीक्षक आहे. सोयाबीन उगवले नाही तर शेतकरी तक्रार करू शकतो आणि पंचनामा होतो. मासा वाढला नाही, मेला, तर माझ्या पोत्याचे तीन भाग करायला कोण येणार?

आपल्या विभागाने नवीन कायद्याची वाट न पाहता एवढे करता येईल असे मला वाटते. तालुक्यातून मरतुकीची तक्रार आली की, जो अधिकारी पाण्याची पेटी घेऊन येतो त्यानेच चालू पोत्यांतून, आणि केवळ एका पोत्यातून नव्हे तर थप्पीच्या वरून, मधून आणि खालून, खाद्याचा नमुना घ्यावा; कारण हे विष मालात सारखे पसरलेले नसते, एखाद्या कोपऱ्यात साठते. नमुन्याचे तीन भाग शेतकरी आणि दुकानदार या दोघांच्या सहीने सील व्हावेत. सोबत दोन ताज्या माशांचे यकृत फॉर्मॅलिनमध्ये घ्यावे, कारण पोते बदलता येते, यकृत बदलता येत नाही. अफ्लाटॉक्सिनसाठी पट्टीवरची प्राथमिक चाचणी काही मिनिटांत होते. ती होकारार्थी आली तरच नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जावा, म्हणजे खर्चही आवाक्यात राहील. शासनाच्या अनुदानातून किंवा प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून जिथे खाद्य किंवा खाद्य कारखाना उभा राहतो, तिथे खाद्याच्या प्रत्येक बॅचचा अफ्लाटॉक्सिन अहवाल आणि न पुसली जाणारी उत्पादन तारीख ही अट आजच्या आज घालता येईल, कारण पैसा शासनाचाच आहे. पीकविम्यासारखा मत्स्यविमा आता येऊ लागला आहे. त्याच्या पंचनाम्यात मृत्यूच्या कारणांच्या यादीत ‘खाद्य’ हा शब्द असावा. तो नसेल तर कागदावर आमचा प्रत्येक मासा पाण्यानेच मरत राहील.

आणखी एक लहान गोष्ट. दुकानदार पोती परत नेतो तेव्हा त्याने आणि शेतकऱ्याने एक पोते सीलबंद करून शेतकऱ्याकडेच तीन महिने ठेवावे, असे परिपत्रक आपण काढू शकता. सज्जन दुकानदाराला त्याची अडचण वाटणार नाही.

मृगाच्या आधी हे सुरू झाले तर या पावसाळ्याचे नमुने हाती येतील. जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे दर तीन आठवड्यांनी चाळीस पोत्यांचा टेम्पो उतरतो. पहिला नमुना माझ्याच गोदामातून घ्यायचा असेल तर माझी हरकत नाही, भले त्यात दोष माझ्या फरशीचा निघाला तरी चालेल. फळ्या आता टाकल्या आहेत. वजनकाटा, बोंबी (पोत्यातून नमुना काढायची सळई) आणि सुतळी तयार आहे. लाख आणि शिक्का तेवढा आपल्या माणसाने आणावा.

आपला विश्वासू,
एक मत्स्यशेतकरी
ता. इंदापूर, जि. पुणे